घरच्या कुत्र्यासाठी बिनतारी क्लिपर : निवड कशी करावी?

छत्तीसगढमध्ये वस्तीला, आळीला ‘पारा’ म्हणतात. रायपूरच्या शारदा चौकाहून आझाद चौकाच्या दिशेने निघाले की वाटेत तात्यापारा लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे येत राहिली आणि तात्यापारा ही त्यांची शहरातील एक जुनी वस्ती. येथील अंगणे हळूहळू आक्रसत गेली आणि अंगणात राहणारा कुत्रा दिवाणखान्यात आला. त्याच्याबरोबर त्याचे केसही आले. चैत्र-वैशाखात दुसरा, थर्मामीटरमधला पारा ४४-४५ अंशांना टेकला की अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : बिचाऱ्याला किती उकडत असेल, याचे केस मुळापासून काढून टाकू या. मग बाजारातून किंवा मोबाइलवरून बिनतारी क्लिपर मागविला जातो.

या खरेदीतील पहिला प्रश्न यंत्राचा नसून कुत्र्याचा आहे. आपल्या कुत्र्याचे केस कोणत्या जातीचे आहेत हे ठाऊक नसताना घेतलेले उत्तम यंत्रही अपायच करते. म्हणून प्रस्तुत लेखात आधी केसांचा विचार केला आहे, आणि मग यंत्राचा.

केसांची परीक्षा

माणूस सर्वांगाने घामाघूम होतो आणि तो घाम वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला घाम येतो तो मुख्यत्वे पंजांच्या गाद्यांना, आणि तोही थोडाच. तो शरीराची उष्णता घालवितो ती जीभ बाहेर काढून, धापा टाकून. त्यामुळे केस काढले म्हणजे त्याला आपल्यासारखा वारा लागून थंडावा मिळेल, ही कल्पना मुळातच आपल्या शरीरावरून बेतलेली आहे.

जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की आणि आपल्याकडे सरसकट ‘पामेरियन’ म्हटला जाणारा इंडियन स्पिट्झ (१९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातील टफी आठवावा) यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर लांब, राठ केसांचा. तो ऊन, पाणी आणि धूळ अडवितो. आतला थर लोकरीसारखा मऊ. आपल्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती जे काम करतात तेच काम हे दोन थर मिळून करतात : थंडीत ऊब आत राखतात आणि उन्हाळ्यात बाहेरचा ताव आत येऊ देत नाहीत. ही भिंत पाडली की कातडीवर थेट ऊन पडते. पांढऱ्या, फिकट कातडीच्या कुत्र्याला उन्हाने भाजण्याचाही धोका असतो. शिवाय आतला थर लवकर वाढतो आणि वरचा सावकाश, त्यामुळे अंगावर ठिगळे लावल्यासारखे केस येतात. स्पिट्झ आणि हस्की यांच्या बाबतीत कधी कधी कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ केस पूर्ववत येतच नाहीत. मे महिन्यात ‘गोटा’ केलेला पामेरियन दिवाळीपर्यंत तसाच केविलवाणा दिसतो, हे तात्यापाऱ्यात आणि अन्यत्रही पाहावयास मिळते.

अशा कुत्र्यांसाठी उन्हाळ्याचा उपाय क्लिपर नव्हे, विंचरणे हा आहे. थंडी सरताना आतला थर मोठ्या प्रमाणावर गळतो. ते मेलेले केस अंगातच अडकून राहिले तर हवा खेळत नाही आणि कुत्र्याला खरोखरच उकडते. लांब दात्यांचा कंगवा किंवा आतले केस ओढून काढणारा रेक घेऊन फाल्गुन-चैत्रात रोज दहा मिनिटे विंचरले तर पाहता पाहता केसांचा ढीग पडतो. या घरांना क्लिपर लागलाच तर पंजाच्या गाद्यांमधील आणि गुदद्वाराभोवतीचे केस कापण्यापुरता. त्यासाठी लहानसा ट्रिमर पुरतो, मोठे यंत्र नको.

ल्हासा अॅप्सो, शिह त्झू, पूडल, कॉकर स्पॅनियल यांची गोष्ट निराळी. त्यांचे केस वाढतच राहतात. ते कापले नाहीत तर जटा होतात, डोळ्यांत जातात, आणि पावसाळ्यात त्या जटांखाली ओल राहून कातडी खराब होते. घरगुती क्लिपरची खरी गरज या कुत्र्यांना असते. मुधोळ, कारवान हे आपले शिकारी कुत्रे आणि गल्लीतून उचलून आणलेले देशी पिल्लू यांना मात्र निसर्गाने आखूड केस दिलेले आहेत. त्यांना क्लिपर घेणे म्हणजे टकलाला कंगवा.

घरात दाढीचा ट्रिमर असताना वेगळा खर्च कशाला, असे विचारले जाते. कुत्र्याच्या एकाच रंध्रातून केसांचा झुबका निघतो, त्यामुळे दाटी फार. आणि कातडीचा वरचा थर माणसापेक्षा पातळ. दाढीच्या ट्रिमरची मोटर या दाटीत अडखळते, पाते केस कापण्याऐवजी ओढते आणि कुत्रा पहिल्याच दिवशी यंत्राचा वैरी होतो.

पाते हेच यंत्र

लिओ वॉल या अमेरिकी माणसाने इलिनॉय राज्यातील स्टर्लिंग या गावी १९१९ साली विजेच्या केशकर्तन यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हापासून आजवर यंत्राचे मूळ तत्त्व बदललेले नाही. खालचे दातेरी पाते स्थिर असते, वरचे पाते त्यावर डावी-उजवीकडे सरकते, आणि दोहोंच्या दात्यांत आलेला केस कातरला जातो. मोटर म्हणजे या वरच्या पात्याला मिनिटाला तीन-चार हजार वेळा हलविणारा गडी. दुकानदार मोटरचे कौतुक करील, खोक्यावर ‘टर्बो’ असे छापलेले असेल. ग्राहकाने मात्र आधी पात्याची चौकशी करावी.

बाजारातील घरगुती क्लिपर ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात एकच पक्के पाते असते आणि त्यावर ३, ६, ९, १२ मिलिमीटरचे प्लास्टिकचे कंगवे चढवावे लागतात. हा सर्वांत स्वस्त. त्याची अडचण अशी की प्लास्टिकचा कंगवा फक्त स्वच्छ, वाळलेल्या आणि पूर्ण विंचरलेल्या केसांतून सरकतो. थोडा गुंता आला की अडतो. दुसऱ्या प्रकारात पात्याच्या बाजूला खिट्टी असते आणि ती सरकवून सुमारे पाऊण ते तीन मिलिमीटरपर्यंत उंची बदलता येते. अधिक लांबीसाठी वर कंगवा लावता येतो. तिसरा प्रकार व्यावसायिकांचा. यात पाते खटक्यासरशी निघते आणि दुसऱ्या क्रमांकाचे बसते. ऑस्टर कंपनीच्या ‘ए-५’ यंत्रावरून ही पद्धत रूढ झाली आणि आज अनेक कंपन्यांची पाती एकमेकींच्या यंत्रांवर बसतात.

या पात्यांच्या क्रमांकांत नवख्याची हमखास फसगत होते. क्रमांक जितका मोठा, तितके केस अधिक आखूड. ४० क्रमांकाचे पाते जेमतेम पाव मिलिमीटर केस ठेवते. ते शस्त्रक्रियेपूर्वी जागा साफ करण्यासाठी असते, घरी त्याचे काम नाही. १० क्रमांक सुमारे दीड मिलिमीटर, ७ क्रमांक तीन मिलिमीटरच्या किंचित वर, ५ क्रमांक सहा मिलिमीटरच्या आसपास आणि ४ क्रमांक साडेनऊ मिलिमीटर केस ठेवतो. क्रमांकापुढे ‘एफ’ अक्षर असेल तर दाते सारखे आणि जवळजवळ असतात. एफ नसलेल्या काही पात्यांत एक दाता लांब, एक आखूड अशी रचना असते. त्या फटीत कातडीची घडी सापडून कापू शकते. घरी वापरणाऱ्याने एफ पातेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक : हे माप केसांच्या वाढीच्या दिशेने यंत्र फिरविले तरच खरे. उलट्या दिशेने फिरविले तर केस जवळजवळ निम्मे राहतात.

ल्हासा किंवा शिह त्झू पाळणाऱ्या सामान्य घरासाठी दुसऱ्या प्रकारचे यंत्र पुरेसे ठरते. मोठा पूडल किंवा दोन कॉकर असतील तर तिसऱ्या प्रकाराचा विचार करावा. पहिला प्रकार ज्यांना नियमित विंचरण्याची शिस्त आहे त्यांच्यासाठी आहे. शिस्त नसेल तर तो महिनाभरात माळ्यावर जातो.

पाते तापते

दोन धातू मिनिटाला हजारो वेळा एकमेकांवर घासले की तापणारच. सलग आठ-दहा मिनिटांत पाते इतके तापू शकते की पोटाच्या किंवा जांघेच्या नाजूक कातडीला चटका बसतो. कुत्रा अंग आक्रसतो, आपण त्याला ‘हलू नकोस’ म्हणून दटावतो, आणि दुसऱ्या दिवशी तेथे लाल चट्टा उठलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. दर चार-पाच मिनिटांनी पाते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावे. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. अशा वेळी यंत्र बंद करून पाते फरशीवर किंवा स्टीलच्या ताटलीवर टेकवून ठेवावे. तिसऱ्या प्रकारच्या यंत्रात दुसरे थंड पाते चढवून काम पुढे चालू ठेवता येते, आणि त्याची जादा किंमत बरीचशी याच सोयीची असते. सिरॅमिकचे वरचे पाते पोलादापेक्षा उशिरा तापते, परंतु हातातून पडले की त्याचा टवका उडतो. ज्या घरात लहान मुले यंत्राला हात लावतात तेथे पोलादच बरे.

तेल हा दुसरा उपाय. वापरापूर्वी आणि मध्ये एकदा दात्यांवर दोन-तीन थेंब टाकून यंत्र क्षणभर चालवावे आणि जादा तेल पुसून घ्यावे. यंत्रासोबत मिळणारे पातळ खनिज तेल उत्तम. ते संपल्यास शिलाई मशीनच्या तेलावर निभावते. खोबरेल तेल मात्र कदापि नको. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते, म्हणजे रायपूरच्या पौष-माघात पात्यातच घट्ट बसते, आणि केसांच्या भुकटीशी मिळून चिकटा तयार करते.

बॅटरीचा विचार

वायरविरहित यंत्राचा खरा लाभ म्हणजे कुत्र्याभोवती मोकळेपणाने फिरता येते; पायांत वायर अडकत नाही, पिल्लू ती चावत नाही, ओल्या अंगणात विजेची भीती राहत नाही. त्याची किंमत आपण बॅटरीच्या रूपाने मोजतो. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भारित केल्यास कमी चालू लागत. आज मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला ही खोड नाही. तिचा शत्रू उष्णता आहे. सामान्य लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर भारित करू नये, असे उत्पादक सांगतात. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो. म्हणून भारण सकाळी करावे, आणि वापरून तापलेले यंत्र लगेच चार्जरवर चढवू नये.

खोक्यावर ‘१८० मिनिटे’ असे लिहिलेले असते ते यंत्र हवेत चालविले तर. दाट केसांत ते बरेच कमी भरते. ल्हासाचे संपूर्ण अंग शिकाऊ हाताला तास-दीड तास घेते आणि मध्ये विश्रांतीही असते. तेव्हा दोन तासांचा दावा असलेले यंत्र पुरावे. याहून महत्त्वाची चौकशी ही, की बॅटरी उतरल्यावर यंत्र वायर लावून चालते की नाही, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलून मिळते की नाही. बंदिस्त बॅटरीचे यंत्र बॅटरीबरोबरच निवृत्त होते. बॅटरी अथवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह व ‘आयएस १६०४६’ हा क्रमांक आहे का, तेही पाहावे.

आवाजाचा मुद्दा दुकानातच तपासता येतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासचेही. आपल्याला ‘जरासा किणकिणणारा’ वाटणारा आवाज त्याच्या कानात शिट्टीसारखा घुसत असू शकतो. यंत्र सुरू करून हातात धरावे. कर्कश, खडखडणारे यंत्र बाजूला ठेवावे. हात बधिर करणारा थरथराट असेल तर तेही नको, कारण दमलेल्या हाताकडूनच कातडी कापली जाते.

खर्चाचा हिशेब

बँकेच्या पत्रिकेत आकडेमोड नसेल तर वाचकांना चुकल्यासारखे वाटेल. केवळ उदाहरणादाखल समजू की सलूनमधील एका खेपेला १,००० रुपये पडतात आणि ल्हासाला वर्षातून सहा खेपा लागतात. तीन वर्षांचे १८,००० रुपये झाले. दुसऱ्या प्रकारचे यंत्र ५,००० रुपयांना, जादा पाते १,५०० रुपयांना, कंगवे व तेल ५०० रुपयांना घेतले आणि धार लावणे वा पाते बदलणे यासाठी दरवर्षी १,००० रुपये धरले, तर तीन वर्षांत १०,००० रुपये होतात. त्यात वर्षातून एकदा सलूनमध्ये नीट आकार देऊन घेतला तरी बेरीज १३,००० रुपयांवर थांबते. आता १,५०० रुपयांचे स्वस्त यंत्र घेऊ. ते वर्षभरच टिकले असे मानले तरी तीन यंत्रांचे ४,५०० रुपयेच होतात.

म्हणजे निव्वळ वहीत स्वस्त यंत्रच जिंकते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु या वहीत ओढल्या गेलेल्या केसांचा, चटक्यांचा आणि यंत्राचा आवाज ऐकताच पलंगाखाली दडून बसणाऱ्या कुत्र्याचा रकाना नाही. तो कुत्रा पुढे पशुवैद्याच्या टेबलावरही उभा राहत नाही. लॅब्राडोरवाल्यांचा हिशेब तर दोन ओळींचा आहे : रेक आणि ब्रश, बाकीची रक्कम खात्यात राहू द्यावी.

खरेदी मालवीय मार्गावरील दुकानातून करा किंवा मोबाइलवरून, पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. हमी मोटरची आहे, बॅटरीची की दोहोंची, हे वाचावे. पाते बहुधा हमीत नसते. त्या यंत्राचे सुटे पाते आजच मिळते का, ते विचारावे. मिळत नसेल तर यंत्र कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. ‘विनाखर्च हप्ता’ या शब्दांनी हुरळू नये : व्याज आकारले जातेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, आणि व्याजावरील कर व प्रक्रिया शुल्क बहुधा ग्राहकाकडे राहते. वस्तू सदोष निघून विक्रेत्याने हात वर केले, तर जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. विक्रेता बंगळूरूचा असला तरी रायपूरकराला बंगळूरूला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्कही नाही.

पहिली कापणी

यंत्र आणले त्याच दिवशी केस कापू नयेत. आठवडा-दहा दिवस ते नुसते दाखवावे, दुसऱ्या खोलीत सुरू करावे, मग जवळ सुरू करून खाऊ द्यावा, नंतर बंद यंत्राची पाठ त्याच्या खांद्याला लावावी. कुत्रा कान पाडून मागे सरकला तर आपणही एक पायरी मागे यावे. या कामाला दोन माणसे हवीत : एक यंत्रासाठी, एक कुत्र्याशी बोलण्यासाठी. दुसरे माणूस त्याच्या रोजच्या जेवणाचे असावे. बहुतेक घरांत ती आजी असते. गळ्यात पट्टा आवळून खिडकीच्या गजाला बांधणे धोक्याचे आहे, त्याने झटका दिल्यास गळफास बसतो.

केस कापण्याआधी विंचरावे, आंघोळ घालावी आणि पूर्ण वाळवावे. मातीने भरलेल्या केसांत नव्या पात्याची धार एका दिवसात जाते. जटा असतील तर आंघोळीपूर्वीच हाताने मोकळ्या कराव्यात, कारण पाणी लागताच त्या नमद्यासारख्या घट्ट होतात. जट न सुटल्यास कात्री लावू नये. जटेबरोबर कातडी वर ओढली जाते आणि ती कापली गेल्याचे लगेच कळतही नाही. तेथे १० क्रमांकाचे पाते कातडीला समांतर धरून जटेखालून हळूहळू सरकवावे. अंगभर दाट जटा असलेला कुत्रा घरी हाताळूच नये, पशुवैद्याकडे न्यावा. कान, काखा आणि पंजे चाचपून गोचीड आधी चिमट्याने काढाव्यात. गोचिडीवरून यंत्र फिरल्यास तिचे तोंड कातडीत राहते.

सुरुवात खांद्यापासून, पाठीवरून शेपटीकडे, केसांच्या दिशेने करावी. लांबी हवी त्याहून जास्तच ठेवावी. उरलेले केस पुढच्या रविवारी कापता येतात. काखेत, जांघेत आणि मांडी पोटाला जोडणाऱ्या घडीत कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी. कान, चेहरा आणि पंजे सर्वांत शेवटी, आणि पहिल्या खेपेला ते राहिले तरी चालेल. दर पंधरा मिनिटांनी थांबून पाणी दाखवावे. काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावे. धापा वाढल्या, जीभ गडद लाल झाली किंवा पाय डगमगू लागले तर यंत्र तत्क्षणी बंद करून त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी टाकून पंखा लावावा आणि पशुवैद्याला फोन करावा. ही उष्माघाताची लक्षणे आहेत.

यंत्र आवरताना पात्यातील केस ब्रशने झाडून, तेलाचा थेंब देऊन ते कोरड्या डब्यात ठेवावे. पुढची कापणी दोन महिन्यांनी असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवणे चांगले. दुसऱ्या दिवशी उजेडात कुत्र्याचे पोट आणि जांघा पाहाव्यात. किंचित लाली एक-दोन दिवसांत जाते. तो एकच जागा सतत चाटत असेल, चट्टा ओलसर दिसत असेल किंवा वास येत असेल, तर घरातील मलम न लावता पशुवैद्याला दाखवावे. गुंतागुंतीच्या प्रसंगी रायपूरकरांना दुर्गजवळ अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते.